कोपराच्या शिरेतून हृदयाची खबर

सकाळी सातच्या सुमारास बेल वाजते. लॅबचा मुलगा पाठीवरची बॅग सोफ्याशी टेकवतो, ‘उपाशीपोटी आहात ना?’ विचारतो, दंडाला रबरी पट्टा आवळतो आणि कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपतो. एकाच सुईतून तीन नळ्या भरतात: जांभळ्या टोपणाची, पिवळ्या टोपणाची आणि करड्या टोपणाची. जांभळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, तिच्यातून पेशींची मोजदाद होते. पिवळीत रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर सुटलेल्या सीरममधून कोलेस्टेरॉल, युरिक अ‍ॅसिड, सीआरपी मोजतात. करडीतल्या फ्लोराइडमुळे पेशींना नळीतली साखर खाता येत नाही, म्हणून ती साखरेसाठी.

संध्याकाळी फोनवर पीडीएफ येते. दहा-बारा पानं, मधूनमधून ठळक अक्षरांतले आकडे आणि त्यांच्यापुढे वर-खाली बाण. होमोसिस्टीन २२. एनएलआर ३.१. आरडीडब्ल्यू १५.८. पीडीएफ मग भावाला, जावयाला, सोसायटीतल्या डॉक्टरांना जाते आणि सोबत एकच प्रश्न असतो: हृदयाला रक्त नीट पोचतंय ना?

प्रश्न रास्त आहे. पण त्या पीडीएफमधला एकही आकडा हृदयाचा रक्तप्रवाह मोजत नाही. प्रवाहाची भानगड असते हृदयावरच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या धमन्यांत, आणि नमुना घेतलेला असतो हाताच्या शिरेतून. कोयनेतून किती पाणी सुटलं हे सांगलीतल्या नळाचं पाणी प्रयोगशाळेत पाठवून कळत नाही. त्यात गाळ किती, क्षार किती, एवढंच कळतं. गाळ एकाएकी वाढला तर वर काहीतरी घडलं असावं, असा तर्क मात्र करता येतो. हृदयासाठीच्या रक्तचाचण्या हे असे तर्क आहेत. काही पुराव्याच्या तोलाचे, काही ऐकीव बातमीच्या. गेल्या सत्तर वर्षांत त्यातले कोणते टिकले आणि कोणते गळाले, याचा हा आढावा.

पाव लिटरचा हिशेब

विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त शरीरभर पाठवतं आणि त्यातलं जेमतेम पाव लिटर स्वतःसाठी घेतं. महाधमनीच्या मुळाशीच उजवी आणि डावी अशा दोन करोनरी धमन्या फुटतात, डावीचे पुन्हा दोन मोठे फाटे होतात. हृदय आवळलं जातं तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्याही आवळल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या सैल क्षणीच मिळतं. शिवाय हा स्नायू मोठा खादाड. आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन तो बसल्या जागीच काढून घेतो. जिना चढताना जादा ऑक्सिजन हवा असेल तर त्याच रक्तातून अधिक उपसायला फारशी जागा उरत नाही, प्रवाहच तिप्पट-चौपट वाढवावा लागतो.

तो वाढवण्याची चावी मोठ्या धमन्यांकडे नसते. त्या नुसते हमरस्ते. नियंत्रण असतं अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांकडे. हमरस्ता अरुंद झाला तर या बारीक वाहिन्या आधीच सैलावतात आणि तूट झाकून नेतात. लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे नेमकं दाखवलं. धमनीचा व्यास निम्म्यावर येण्याआधीच तिची जास्तीत जास्त प्रवाहाची ताकद घटायला लागते, पण विश्रांतीतला प्रवाह व्यास सुमारे ८५ टक्के आवळला जाईपर्यंत जवळजवळ होता तसाच राहतो. मोठं ब्लॉकेज घेऊन माणूस खुर्चीत निवांत पेपर वाचू शकतो तो यामुळे. त्याच्या रक्ताच्या नमुन्यालाही त्या घडीला काही पत्ता नसतो.

म्हणजे प्रवाहाची तक्रार तीन ठिकाणी उद्भवू शकते. हमरस्त्यावर वर्षानुवर्षं साचत गेलेला चरबीचा थर. त्या थराला तडा जाऊन काही मिनिटांत धरलेली गुठळी. आणि हमरस्ता मोकळा असूनही बारीक वाहिन्यांनी केलेला असहकार. या तिन्हींच्या खुणा रक्तात वेगवेगळ्या उमटतात, आणि बराचसा घोळ त्या एकाच पानावर शेजारी-शेजारी छापल्यामुळे होतो.

फुटलेल्या पेशींची वर्दी

रक्तप्रवाह तुटून स्नायूच्या पेशी मेल्या की त्यांच्या आतला ऐवज रक्तात सांडतो. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवलं की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातलं एक ट्रान्सअमिनेज एन्झाइम वाढतं. आज आपण ते एसजीओटी या नावाने यकृताच्या चाचणीत वाचतो, आणि त्यातच त्याची उणीव आली. ते यकृतातही असतं, हाता-पायांच्या स्नायूंतही. पुढे सीके हे स्नायूंतलं एन्झाइम आलं, मग हृदयात अधिक असणारं सीके-एमबी. पण इंजेक्शनाने दुखावलेला दंड किंवा जोरात पडलेला माणूस त्यांनाही चकवत असे.

हा पेच ट्रोपोनिनने सोडवला. स्नायूच्या तंतूंवर बसून आकुंचनाचा इशारा पाळणारी ही प्रथिनं. त्यांतल्या आय आणि टी या दोन प्रकारांची हृदयातली घडण इतर स्नायूंतल्या घडणीपेक्षा वेगळी असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही रक्तात मोजता येऊ लागले. ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत जर्मनीत ह्युगो काटुस यांच्या गटाने १९८९ मध्ये मांडली. २०१० च्या आसपास युरोपात अतिसंवेदनशील चाचण्या रुळल्या, अमेरिकेत पहिल्या अशा चाचणीला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. आता लिटरमागे नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या भाषेत बोलणं चालतं. ट्रोपोनिन टीची प्रचलित मर्यादा १४ आहे: शंभर निरोगी माणसांतली नव्व्याण्णव तिच्या खाली असतात.

पण खरी अक्कल त्या मर्यादेपेक्षा फरकात आहे. इमर्जन्सीत आल्याआल्या एक नमुना आणि तासा-दोन तासांनी दुसरा घेतात. पहिला आकडा अगदी कमी आणि दुसऱ्यात हालचाल नाही, तर झटका बहुधा नाही. आकडा झपाट्याने चढतोय, तर कॅथलॅबला फोन. किडनीच्या जुन्या रुग्णाचा ट्रोपोनिन वर्षभर वरच असू शकतो, तिथे एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. चढ-उतार पाहिल्याशिवाय निदान करायचं नाही, ही शिस्त आता जगभर घालून दिलेली आहे.

ट्रोपोनिनच्या दोन मर्यादा मात्र विसरायच्या नाहीत. पेशींना इजा झाली हे तो सांगतो, कशामुळे झाली ते सांगत नाही. जंतुसंसर्गाने सेप्सिस झाला, फुप्फुसात गुठळी गेली, हृदयाच्या स्नायूला सूज आली, एवढंच काय माणूस मॅरेथॉन धावून आला, तरी तो वाढतो. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत झटका म्हणण्यासाठी ट्रोपोनिनच्या चढ-उतारासोबत छातीतली लक्षणं, ईसीजीतला बदल किंवा स्कॅनचा असा आणखी एखादा पुरावा लागतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. पेशी गुदमरल्या पण मेल्या नाहीत, तर ट्रोपोनिन गप्प असतो. जिना चढताना छाती भरून येणाऱ्या आणि थांबल्यावर बरं वाटणाऱ्या माणसाचा ट्रोपोनिन सहज नॉर्मल येतो. हा गुदमरच पकडणारी चाचणी हवी म्हणून खटपट झाली. ऑक्सिजन तुटल्यावर रक्तातल्या अल्ब्युमिनची धातू पकडून ठेवण्याची क्षमता बदलते, या निरीक्षणावरून बेतलेल्या चाचणीला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यताही मिळाली. पण शरीरात दुसरीकडे कुठे रक्त तुटलं तरी ती हलायची, अल्ब्युमिनच्या पातळीनेही बदलायची. ती रोजच्या वापरात रुजली नाही. हृदय गुदमरतंय पण अजून शाबूत आहे, हे भरवशाने सांगणारी रक्तचाचणी आजही वॉर्डात नाही.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर लॅबचा रस्ता धरायचा नाही. १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिथे पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. ईसीजीवर मोठा झटका स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी कोणी थांबतही नाही.

आरोपी, साक्षीदार आणि बघे

झटका आल्यानंतरची वर्दी वेगळी, येऊ घातल्याचा अंदाज वेगळा. अंदाज वर्तवणाऱ्या आकड्यांची रांग लांब आहे, म्हणून त्यांना तीन पायऱ्यांची कसोटी लावावी लागते. पहिली पायरी: तो आकडा ज्यांचा जास्त, त्यांना झटके जास्त येतात का? दुसरी: जन्मतः ज्यांच्या जनुकांमुळे तो आकडा कमी असतो, त्यांना झटके कमी येतात का? तिसरी आणि निर्णायक: औषधाने तो खाली आणला तर झटके घटतात का? तिन्ही पायऱ्या चढणारा आकडा आरोपी. पहिल्यावरच थांबणारा साक्षीदार असेल, किंवा घटनास्थळी जमलेला नुसता बघ्या.

एलडीएल कोलेस्टेरॉल तिन्ही पायऱ्या चढलं. अमेरिकेतल्या एका पाहणीत जनुकातल्या बदलामुळे ज्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल जन्मभर २८ टक्के कमी राहिलं, त्यांच्यात हृदयरोग ८८ टक्के कमी आढळला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही चकित करतो. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांना सिमव्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली गेली, आणि औषध घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पुढच्या अनेक चाचण्या एकत्र केल्यावर हिशेब निघाला की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने खाली आलं की मोठे झटके आणि पक्षाघात मिळून साधारण २२ टक्के कमी होतात. असा सरळ हिशेब दुसऱ्या क्वचितच कुठल्या आकड्याचा मांडता येतो.

त्याच पानावरचं एचडीएल, ज्याला आपण कौतुकाने ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते पहिल्या पायरीवर झकास उभं राहिलं आणि तिसरीवर कोसळलं. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, पण मृत्यूही वाढले. सुमारे पंधरा हजार रुग्णांवरची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये घाईघाईने थांबवावी लागली. एचडीएल कमी असणं धोक्याची खूण आहे, पण औषधाने ते वाढवल्याने संरक्षण मिळत नाही.

होमोसिस्टीनची कथा आपल्या अंगणातली. १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी जन्मजात विकाराने रक्तात होमोसिस्टीन साचलेल्या मुलांच्या धमन्या पाहिल्या आणि हे द्रव्य धमन्या बिघडवतं अशी मांडणी केली. ते खाली आणायला महागडं औषध लागत नाही, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि बी-६ पुरतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं, शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ची कमतरता ८१ टक्क्यांत. त्याच वर्षी परदेशातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत साडेपाच हजारांवर रुग्ण होते. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन घटलं, हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. तेव्हा रिपोर्टवरचं होमोसिस्टीन २२ हे हृदयापेक्षा ताटाबद्दल अधिक सांगतं. बी-१२ची कमतरता भरून काढायलाच हवी, मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. तिने हृदयाचा विमा उतरत नाही.

सीआरपीचा खटला सर्वांत गुंतागुंतीचा. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं हे प्रथिन म्हणजे शरीरातल्या दाहाची घंटा. पॉल रिडकर यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की निरोगी दिसणाऱ्या पुरुषांतही सीआरपीचं सूक्ष्म वाढलेलं प्रमाण पुढच्या झटक्याची चाहूल देतं. जनुकांच्या कसोटीवर मात्र सीआरपी निर्दोष सुटलं. जन्मतः ते जास्त असणाऱ्यांना झटके जास्त येत नाहीत. घंटा वाजते, पण आग घंटेने लावलेली नसते. आग खरी आहे हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरच्या चाचणीत दाहाची साखळी वरच्या कडीशी तोडणाऱ्या कॅनाकिनुमॅबने, एलडीएलला हातही न लावता, पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी केले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. गाऊटवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन २०२० च्या एका मोठ्या चाचणीत उपयोगी ठरलं, २०२४ च्या दुसऱ्या चाचणीत ठरलं नाही. थोडक्यात, सीआरपी साक्षीदार आहे, पण भरवशाचा. अट एकच: सर्दी-ताप, दाढेचं गळू किंवा चिकुनगुनिया असताना त्याची साक्ष घ्यायची नाही. आकडा १० च्या वर आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा.

लायपोप्रोटीन-ए नावाचा आकडा आपल्याकडे अजून फारसा कोणी मागत नाही. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांना सापडलेला हा कण एलडीएलसारखाच, वर एक चिवट प्रथिनाची शेपटी लावलेला. त्याची पातळी जवळजवळ सगळी जनुकं ठरवतात. पथ्याने, व्यायामाने ती फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासली तरी पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर गेली तर धोका वाढतो, आणि दक्षिण आशियाई लोकांत अशी माणसं बरीच आढळतात. निव्वळ तिला खाली आणणारी औषधं अलीकडे मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. तोवर या आकड्याचा उपयोग असा: घरात वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत झटका आला असेल आणि हा आकडाही चढा असेल, तर एलडीएलच्या बाबतीत अजिबात सवलत द्यायची नाही.

बघ्यांची गर्दी मोठी आहे. युरिक अ‍ॅसिड हृदयरोग्यांत अनेकदा वाढलेलं असतं, पण २०२२ मध्ये सुमारे ५,७०० हृदयरुग्णांवरच्या चाचणीत अ‍ॅलोप्युरिनॉल देऊनही झटके कमी झाले नाहीत. धमनीतल्या थराशी जोडलेलं एलपी-पीएलए-२ हे एन्झाइम दाबणारं डाराप्लाडिब २०१४ मध्ये पंधरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फसलं. दोन्ही आकडे पहिल्या पायरीवर तेवढेच रुबाबात उभे होते.

डाय रेंगाळतो तेव्हा

आता त्या तिसऱ्या जागेकडे, बारीक वाहिन्यांकडे. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स महाधमनीच्या झडपेचं चित्रण करत असताना नळीचं टोक चुकून उजव्या करोनरी धमनीत शिरलं आणि एक्स-रेत दिसणारा डाय थेट तिच्यात गेला. रुग्ण वाचला आणि करोनरी अँजिओग्राफीचा जन्म झाला. १९७२ मध्ये तांबे, डेमनी, झिमरमन आणि मस्कारेन्हास यांनी अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये सहा रुग्णांची नोंद केली. छातीत दुखत होतं, धमन्यांत ब्लॉकेज नव्हतं, पण डाय पुढे सरकायला भलताच वेळ घेत होता. लेखकांच्या यादीतली पहिली आणि शेवटची आडनावं मराठी-गोव्याच्या वाचकाला ओळखीची वाटतील. या अवस्थेला आज ‘करोनरी स्लो फ्लो’ म्हणतात. अँजिओग्राफी करणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एक ते सात जणांत ती दिसते, धूम्रपान करणाऱ्या तरुण पुरुषांत जास्त.

कॅथलॅबच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं. निरोगी धमनीत डायचा काळा धागा एक-दोन ठोक्यांत टोकापर्यंत धावतो. इथे तो निम्म्यावर थबकतो, ठोक्यासरशी बोटभर पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. या रेंगाळण्याला आकडा दिला मायकल गिब्सन यांनी, १९९६ मध्ये. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यावर डाय मुळापासून ठरलेल्या खुणेपर्यंत जायला किती चित्रं लागतात ते मोजायचं. पुढच्या डाव्या धमनीला साधारण ३६ लागतात. ती लांब असल्याने १.७ ने भागून २१ धरायचे. दुरुस्त आकडा २७ च्या वर गेला तर प्रवाह संथ. आता बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १५ चित्रं घेतात, तिथे दुपटीचा हिशेब करावा लागतो.

संथ प्रवाहाचं कारण रक्तात सापडेल का, हा शोध इथून सुरू झाला. तुर्कस्तान, चीन, इराण इथल्या हृदयरोग विभागांतून याविषयी भरपूर निबंध निघाले. साचा बहुधा एकच: काही डझन संथ प्रवाहाचे रुग्ण, तितकीच प्रवाह ठीक असलेली माणसं, आणि दोन्हींच्या रक्तातल्या आकड्यांची तुलना. धमनीच्या अस्तराशी थेट नातं असलेली द्रव्यं त्यात दिसली. वाहिन्या आवळणारं एन्डोथेलिन वाढलेलं, त्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं उत्पादन रोखणारं एडीएमए वाढलेलं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही साखळी पटण्यासारखी आहे, पण या चाचण्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाहीत. म्हणून मोर्चा वळला पेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसीकडे: न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं गुणोत्तर म्हणजे एनएलआर, प्लेटलेटचं सरासरी आकारमान म्हणजे एमपीव्ही, लाल पेशींच्या आकारातली तफावत म्हणजे आरडीडब्ल्यू. जोडीला सीआरपी, युरिक अ‍ॅसिड, होमोसिस्टीन.

फरक दिसतात, पुन्हा पुन्हा दिसतात. पण ते सैलसर आहेत, आणि त्यांच्याशी गफलती चिकटलेल्या आहेत. सिगरेट, पोटाचा घेर आणि वाढती साखर यांनी संथ प्रवाहाची शक्यता वाढते. याच गोष्टींनी एनएलआर, सीआरपी आणि युरिक अ‍ॅसिडही वाढतं. दोघांचा बाप एक असला म्हणून भाऊ भावाचा बाप होत नाही. एमपीव्हीची तर वेगळीच गंमत: ईडीटीएच्या जांभळ्या नळीत प्लेटलेट फुगत जातात. सकाळी सातला घेतलेली नळी मोटारसायकलवरून फिरून दुपारी एकला यंत्रावर चढली तर एमपीव्ही वाढलेला दिसू शकतो, आणि त्यात हृदयाचा काहीच हात नसतो. आरडीडब्ल्यू लोहाच्या कमतरतेने चढतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्या आकड्यावरून त्यांच्या करोनरी प्रवाहाचा अंदाज बांधणं म्हणजे गर्भवतीच्या वजनावरून आहाराचा निष्कर्ष काढण्यासारखं.

झटक्यानंतर स्टेंट टाकून धमनी उघडली तरी स्नायूत रक्त शिरत नाही, अशीही एक अवस्था असते. १९७४ मध्ये क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी ती कुत्र्यांत सविस्तर दाखवली, तिला ‘नो रिफ्लो’ म्हणतात. दाखल होतानाची चढलेली साखर आणि चढलेले न्यूट्रोफिल तिची पूर्वसूचना देतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं. मात्र सूचना मिळाली म्हणून कॅथलॅबमधला डॉक्टर धमनी उघडायची थांबत नाही. उपचार तोच राहतो.

३२५ मधले ४०

‘रिपोर्टमध्ये बाण आला’ याचा अर्थ किती घ्यायचा, हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. अँजिओग्राफीसाठी आलेल्या १,००० माणसांत ५० जणांना संथ प्रवाह आहे असं धरू. आपल्या हातात एक बरी चाचणी आहे, जी आजाऱ्यांतल्या ८० टक्क्यांना पकडते आणि निरोग्यांतल्या ७० टक्क्यांना बरोबर सोडून देते. ५० पैकी ४० पकडले जातील. उरलेल्या ९५० निरोग्यांतल्या २८५ जणांवरही बाण येईल. बाण आलेले एकूण ३२५, त्यांत खरे आजारी ४०, म्हणजे आठात एक. हीच चाचणी लक्षणं नसलेल्या, सोसायटीच्या शिबिरात रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांवर केली तर खऱ्यांचं प्रमाण आणखी घसरेल. चाचणी तीच, फक्त विचारलेली माणसं बदलली.

उलट बाजूही तितकीच खरी. छातीत दुखतं, अँजिओ स्वच्छ, ट्रोपोनिन नॉर्मल, म्हणून ‘तुम्हाला काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं ऐकून परत पाठवलेल्या रुग्णांत, विशेषतः बायकांत, बारीक वाहिन्यांचा विकार किंवा धमनीचा पीळ लपलेला असू शकतो. त्याचं निदान रक्ताने होत नाही. धमनीत दाब मोजणारी तार घालून, औषधाने प्रवाह वाढवून, तो किती वाढतो ते पाहावं लागतं. २०१८ मध्ये ग्लासगोच्या एका गटाने १५१ रुग्णांत दाखवलं की असं मोजून नेमकं नाव दिलं आणि त्याप्रमाणे औषध दिलं, तर छातीतलं दुखणं खरोखर कमी होतं. नॉर्मल रक्ताच्या कागदाने कोणाची तक्रार खोटी ठरत नाही.

नळी भरण्याआधी

मग तीन नळ्यांत काय भरावं? २०२४ मध्ये रिडकर यांनीच एक निष्कर्ष मांडला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी असलेल्या २७,९३९ अमेरिकन स्त्रियांचं एकदाच घेतलेलं एलडीएल, सीआरपी आणि लायपोप्रोटीन-ए, हे तीन आकडे पुढच्या तीस वर्षांच्या धोक्याबद्दल बोलत होते, आणि प्रत्येक वेगळं काहीतरी सांगत होता. एनएलआर, आरडीडब्ल्यू, होमोसिस्टीन, युरिक अ‍ॅसिड हृदयासाठी म्हणून मागवायची गरज नाही. ते दुसऱ्या कारणाने निघाले तर त्याच कारणासाठी वाचावेत. ट्रोपोनिन दुखत असताना दवाखान्यात, निरोगीपणाच्या पॅकेजमध्ये नव्हे. प्रत्येक आकड्याला विचारण्याचा प्रश्न एकच: हा बदलला तर माझ्या औषधात, पथ्यात किंवा पुढच्या तपासणीत काय बदलेल? एलडीएलकडे उत्तर आहे. एमपीव्हीकडे नाही.

२००४ मध्ये सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने पहिल्या झटक्याशी जोडलेले नऊ घटक वेगळे काढले. जगभरातल्या धोक्याचा नव्वद टक्के वाटा त्यांच्यातच आला. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळांची कमतरता, दारू आणि व्यायामाचा अभाव. त्याच अभ्यासातल्या दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. नऊ घटकांपैकी सुई लागते फक्त दोनांना, चरबीला आणि साखरेला. उरलेल्या सातांसाठी रक्तदाबाचा पट्टा, शिंप्याची टेप आणि काही खरी उत्तरं पुरतात: मशेरी अजून लावता का, झोप लागते का, शेवटचं कधी चालायला गेला होता. लॅबचा मुलगा दंडाला पट्टा आवळतो तेव्हा त्याच दंडाचा रक्तदाबही तिथेच मोजून घेता आला असता. पीडीएफमध्ये त्यासाठी ओळ नसते, म्हणून तो तसाच जिना उतरून जातो.